स्पर्धा होऊ नये म्हणून बांधलेलं क्रीडा संकुल

आमच्या उपनगरात एक बहुउद्देशीय सभागृह आहे. शहराचं नाव लिहीत नाही, कारण तुमच्या भागातही असं एक असणारच. बाहेर उद्घाटनाची कोनशिला, आत पत्र्याचं उंच छप्पर, एका टोकाला स्टेज आणि जमिनीवर तीन रंगांच्या रेषा. पांढऱ्या बॅडमिंटनच्या, पिवळ्या व्हॉलीबॉलच्या, निळ्या कबड्डीच्या. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा ती जमीन मला मेट्रोच्या नकाशासारखी वाटली होती. खेळताना मात्र डोळ्यांना सवय होते. आपल्या रंगाची रेषा तेवढी दिसते, बाकीच्या आपोआप पुसल्या जातात.

मी तिथे आठवड्यातून तीनदा सकाळी सहा वाजता बॅडमिंटन खेळतो. वाईट खेळतो. संध्याकाळी तिथे शाळकरी मुलींचा कबड्डीचा सराव असतो. सकाळी आम्ही पोचतो तेव्हा त्यांच्या मॅट कोपऱ्यात रचून ठेवलेल्या असतात आणि त्यावर कुणाची तरी विसरलेली पाण्याची बाटली असते. त्या मुलींशी माझी ओळख एवढीच.

लग्नसराई सुरू झाली की हे सगळं थांबतं. रेषांवर लाल गालिचा येतो, मॅट जिन्याखाली जातात, स्टेजवर सिंहासनासारख्या दोन खुर्च्या येतात. आम्ही नोकरदार मंडळी महिन्याला दोन-अडीच हजार भरून खासगी कोर्टवर जातो. मुली जिन्याशेजारच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉकवर वॉर्म-अप करतात. पेव्हर ब्लॉकवर पकड होऊ शकत नाही, कारण पडलं की कोपर सोलवटतं. म्हणून फक्त वॉर्म-अप.

यात कुणाला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. सभागृहाला उत्पन्न लागतं, लग्नांना जागा लागते आणि इमारतीच्या नावातच ‘बहुउद्देशीय’ आहे. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. एका इमारतीला अनेक हेतू असतात, तेव्हा त्यातला कुठला हेतू जिंकणार हे कोण ठरवतं? व्यवस्थापक ठरवतो असं मला वाटायचं. आता वाटतं, ते बऱ्याच अंशी नकाशा काढतानाच ठरलेलं असतं. ज्या दिवशी त्या आयताच्या एका टोकाला स्टेज आखलं गेलं, त्या दिवशी कबड्डी हरली.

हे मला उमगलं ते जगाच्या दुसऱ्या टोकाच्या एका इमारतीमुळे, जी मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही.

फोटोतले मनोरे

ब्रुटालिझमचे फोटो टाकणारं एखादं पान तुम्ही इन्स्टाग्रामवर फॉलो करत असाल, तर ही इमारत तुमच्या नजरेखालून गेलेली आहे. काँक्रीटचे दोन राखाडी मनोरे, एक जाडजूड आणि एक सडपातळ. जाड्या मनोऱ्याच्या भिंतीला वेडीवाकडी भोकं, जणू कुणी हाताने काँक्रीट फोडलंय. दोन्ही मनोऱ्यांच्या मध्ये हवेत लटकणारे तिरके पूल. बाजूला चिमणीसारखा उंच गोल स्तंभ. फोटो बहुतेक वेळा खालून काढलेला, माणसं नाहीत, आकाश पांढरट. खाली कमेंट ठरलेली : ‘डिस्टोपियन’.

ही इमारत ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात आहे. नाव सेस्क पोंपेया. आणि ती तुरुंग नाही, सायलो नाही, विज्ञानकथेचा सेटही नाही. ते पोहण्याचं, बास्केटबॉलचं, व्हॉलीबॉलचं, नाचाचं, व्यायामाचं ठिकाण आहे. मराठी सरकारी भाषेत सांगायचं तर बहुउद्देशीय क्रीडा संकुल.

न पाहिलेल्या इमारतीवर लिहावं का, असा प्रश्न मलाही पडला. पण माझ्या धंद्यात आम्ही रोज दुसऱ्याचा कोड न चालवता वाचतो आणि त्यावर मतं देतो. आराखडा वाचणं बरंच तसं आहे. आराखड्यातून वास येत नाही, आवाज येत नाही. पण कोण कुठून आत येतो, कुणाला कुणाच्या समोरून जावं लागतं, काय काय एकाच वेळी चालू शकतं आणि कशासाठी काय थांबवावं लागतं, हे आराखड्यात लख्ख दिसतं. फोटोत नेमकं तेच दिसत नाही.

आधी बघून घेतलं

वास्तुरचनाकार लीना बो बार्दी. जन्म रोममध्ये, १९१४ साली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये त्या ब्राझीलला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. साओ पाउलोतलं चार लाल-काँक्रीट पायांवर उचललेलं कलासंग्रहालय, मास्प, त्यांचंच. सेस्क ही संस्थाही १९४६चीच. व्यापार आणि सेवा क्षेत्रातल्या कामगारांसाठी आरोग्य, खेळ, संस्कृती अशा सोयी उभ्या करणं हे तिचं काम.

पोंपेया हा साओ पाउलोचा जुना कामगारवस्तीचा भाग. तिथला १९३०च्या दशकातला एक कारखाना सेस्कने घेतला. विटांच्या लांबलचक शेड, सुरुवातीला तिथे पत्र्याची पिंपं बनत, पुढे फ्रिज. शेड पाडून नवं केंद्र बांधायचं असा आधीचा विचार होता. १९७६ मध्ये लीनाबाई जागा बघायला गेल्या. त्यांनी नंतर लिहून ठेवलंय, की पहिल्या भेटीत त्यांना रिकाम्या शेडची काँक्रीटची बांधणी आवडली. दुसऱ्यांदा त्या शनिवारी गेल्या, तेव्हा तिथे गर्दी होती. पोरं धावत होती, फुटक्या छपरातून गळणाऱ्या पाण्यात मुलं फुटबॉल खेळत होती, आया दाराशी खाणं बनवत होत्या. जागा अधिकृतपणे सुरू झालेली नव्हती, पण लोकांनी ती आधीच वापरायला घेतली होती. लीनाबाईंनी ठरवलं की हे जे चाललंय ते असंच चालू राहिलं पाहिजे.

मला हा प्रसंग गोष्ट म्हणून आवडतो, पण त्याहून जास्त कामाची पद्धत म्हणून आवडतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ‘युजर रिसर्च’ नावाची गोष्ट करतो, बरेचदा प्रॉडक्ट बनवून झाल्यावर. इथे एका वास्तुरचनाकाराने कामाच्या सुरुवातीलाच वापर बघितला आणि त्याच्याभोवती इमारत आखली. शेड पाडल्या नाहीत. कारखान्याच्या मधली दगडी गल्ली तशीच ठेवून तिला केंद्राचा रस्ता केलं. शेडमध्ये वाचनालय, उपाहारगृह, कार्यशाळा, नाटकघर आलं. हा भाग १९८२ मध्ये उघडला. त्या वेळी ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. १९६४ला सुरू झालेली ती राजवट १९८५ मध्ये संपली. अशा दिवसांत कुणीही येऊन विनाकारण बसू शकेल अशी एवढी मोठी जागा शहराच्या मधोमध उघडणं ही साधी गोष्ट नव्हती.

खेळाचे मनोरे त्यानंतर, १९८६ मध्ये पुरे झाले. तिथे खरी अडचण होती.

ओढ्याच्या दोन काठांवर

खेळासाठी जी जमीन उरली होती तिच्या मधून एक ओढा जातो. जमिनीखालून, बंदिस्त. त्याच्यावर बांधकाम करायला मनाई. म्हणजे हातात राहिल्या ओढ्याच्या दोन बाजूंच्या दोन चिंचोळ्या जागा. पोहण्याचा तलाव, चार कोर्ट, कपडे बदलायच्या खोल्या, व्यायामाची दालनं, पाण्याची टाकी, सगळं त्यात बसवायचं.

इथे क्षणभर थांबून आपल्याकडे अशा जागेचं काय होतं ते आठवा. ओढ्याला आपण आधी नाला म्हणतो, मग गटार म्हणतो, मग त्यावर स्लॅब टाकतो आणि मग तो ओढा होता हेच विसरतो. पुण्यात २०१९च्या सप्टेंबरमध्ये एका रात्रीत आंबिल ओढ्याने आपली आठवण करून दिली, त्यात माणसं गेली.

लीनाबाईंनी मनाई पाळली आणि तिचा उपयोग केला. एका काठावर जाडा मनोरा, दुसऱ्या काठावर सडपातळ. मधल्या ओढ्याच्या पट्ट्यावर फक्त लाकडी फळ्यांचा लांब ओटा. साओ पाउलोला समुद्र नाही, म्हणून लोक त्या ओट्याला ‘बीच’ म्हणतात आणि उन्हाच्या दिवशी तिथे चक्क पोहण्याच्या कपड्यांत लोळतात. जिथे बांधता येत नव्हतं, ती जागा संकुलातली सगळ्यात लोकप्रिय जागा झाली.

जाड्या मनोऱ्यात तळाला तलाव आणि त्याच्यावर एकावर एक चार कोर्ट. प्रत्येक कोर्टाचा मजला दुप्पट उंचीचा, मध्ये एकही खांब नाही. चार मजल्यांच्या जमिनींना चार ऋतूंचे रंग. सडपातळ मनोऱ्यात जिने, लिफ्ट, कपडे बदलायच्या खोल्या आणि छोटी दालनं. दोन्हींना जोडणारे आठ पूल, काही सरळ, काही इंग्रजी वाय किंवा व्ही अक्षरासारखे फाटे फुटलेले. सगळ्यात लांब पूल सुमारे २५ मीटरचा. तिसरा गोल स्तंभ म्हणजे पाण्याची टाकी, उंची सुमारे ७० मीटर. काँक्रीटची कडी एकावर एक ओतत नेली आणि प्रत्येक सांध्यातून ओघळलेलं काँक्रीट मुद्दाम तसंच ठेवलं. त्यामुळे त्या स्तंभाला घागऱ्याच्या झालरींसारखे थर आहेत.

क्रीडावास्तूंच्या इतिहासात ही मांडणी विचित्र आहे. विसाव्या शतकात या प्रकारच्या इमारतीचा सगळा पराक्रम छपरात असायचा. लीनाबाईंच्याच जन्मगावी, रोममध्ये, १९५७ मध्ये पिएर लुईजी नेर्वी आणि आन्निबाले वितेलोत्सी यांनी ‘पालाझेत्तो देल्लो स्पोर्त’ बांधलं. वाय आकाराच्या ३६ आधारांवर टेकलेला सुमारे ६० मीटर व्यासाचा घुमट, आतून बघितला तर सूर्यफुलासारखा. १९६० च्या ऑलिंपिकचं बास्केटबॉल तिथे झालं. टोकियोत १९६४ च्या ऑलिंपिकसाठी केन्झो टांगे यांनी योयोगीचं छप्पर तारांवर टांगलं. दोन्ही इमारती अप्रतिम आहेत. पण दोन्हींची मूळ कल्पना एकच आहे : एक भव्य छप्पर, खाली एक जमीन, भोवती प्रेक्षक. आपलं पत्र्याचं सभागृह हे त्याच कल्पनेचं चौथ्या पिढीतलं गरीब भावंड आहे.

एक छप्पर आणि एक जमीन म्हटलं की अनेक उपयोग बसवायचा एकच मार्ग उरतो : वेळ वाटून देणं. सकाळी हे, संध्याकाळी ते, मे महिन्यात लग्नं. कॉम्प्युटरच्या भाषेत हा टाइम-शेअरिंगचा प्रकार झाला. आणि एकच साधन अनेकांनी वाटून घ्यायचं म्हटलं की प्राधान्यक्रम येतो. तो कागदावर काहीही असला तरी जास्त पैसे देणारा, जास्त आवाज असणारा किंवा जास्त ओळखी असणारा वर सरकतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलींकडे यातलं काहीच नसतं.

पोंपेयात वेळ वाटलेली नाही, जागा रचलेली आहे. चार मजल्यांवर चार गोष्टी एकाच वेळी चालतात. तिसऱ्या मजल्यावर काही कार्यक्रम असला म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांना चटया गुंडाळाव्या लागत नाहीत. याची किंमत आहे, तीही सांगायला हवी. खांब नसलेला मोठा मजला एकदाच छताला करणं वेगळं आणि एकावर एक चारदा करणं वेगळं. वर माणसं उड्या मारणार, तो भार पेलणारी स्लॅब पत्र्याच्या छपरापेक्षा कितीतरी महाग. चिंचोळ्या जमिनीमुळे हा खर्च करावा लागला. पण त्या खर्चातून जे विकत घेतलं ते म्हणजे कुणालाही कुणासाठी उठावं न लागणं.

पूल कशाला?

आराखडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला पूल चुकीचे वाटले होते. अजूनही अर्धे वाटतात.

विचार करा. तुम्ही खेळायला आलात. लिफ्ट दुसऱ्या मनोऱ्यात. तिथे वर जायचं, कपडे बदलायचे, मग उघड्या पुलावरून ओढा ओलांडून कोर्टवर जायचं. पुलांना छप्पर नाही. पाऊस असेल तर खेळायच्या आधीच भिजायचं. खेळ संपला की घामेजलेल्या अंगाने परत तोच पूल. टॉयलेटला जायचं असेल तरी पूल. एखाद्या कोड रिव्ह्यूमध्ये मी लिहिलं असतं : एवढ्या साध्या कामाला एवढी मोठी फेरी का? दोन्ही गोष्टी शेजारी का नाहीत?

मग मी आमच्या सभागृहातल्या माझ्या सकाळी आठवून बघितल्या. गाडी लावतो, आत जातो, खेळतो, निघतो. सात वर्षांत मी त्या मुलींच्या एकाही प्रशिक्षकाचं नाव जाणत नाही. व्हॉलीबॉलवाले काका शनिवारी येतात एवढंच माहीत. एक छप्पर वाटून घेणारी आम्ही माणसं वेळापत्रकामुळे एकमेकांना कधी दिसतच नाही. जागा एक आणि ओळख शून्य.

पोंपेयात उलट आहे. खेळाच्या जागा वेगळ्या, पण येण्या-जाण्याचा रस्ता सगळ्यांचा एक. साठीचे पोहणारे आजोबा, व्हॉलीबॉलच्या मुली, नाच शिकणारे, सगळे त्याच मनोऱ्यात वर-खाली करतात. पुलावर आलं की खाली ओटा दिसतो, समोरच्या पुलावरची माणसं दिसतात आणि शहर दिसतं. खेळायला जाणं ही सगळ्यांदेखत घडणारी गोष्ट होते. त्या फेरीत खेळाआधीची मिनिटं येतात, ज्यात माणूस ऑफिसमधून बाहेर पडतो. शरीराने नव्हे, ते तर तासाभरापूर्वीच पडलेलं असतं, डोक्याने.

म्हणून आता मी म्हणतो, की नेर्वींचा पराक्रम छपरात आहे तसा लीनाबाईंचा पुलांत आहे. सगळ्यात अवघड काँक्रीट त्यांनी चालण्यासाठी खर्च केलं, प्रेक्षकांवर छाप पाडण्यासाठी नाही.

तरी पावसाचा मुद्दा शिल्लक राहतोच. आणि ज्याला चालणं जड जातं त्याच्यासाठी हा पूल अनुभव नसून अडथळा असू शकतो. उत्तम कल्पनेचं बिल नेहमी सगळ्यांना सारखं येत नाही, हे या पुलांबद्दल भारावून लिहिणारे सहसा लिहीत नाहीत.

मुद्दाम कमी ठेवलेली उंची

आता या लेखाच्या शीर्षकाकडे येतो.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार व्हॉलीबॉलच्या कोर्टावर किमान ७ मीटर मोकळी उंची लागते. जागतिक पातळीच्या सामन्यांना १२.५ मीटर. म्हणजे एकच खेळ, एकच १८ बाय ९ मीटरचं मैदान, पण ‘दर्जा’ वाढला की छप्पर साडेपाच मीटर वर जातं. तो दर्जा इमारतीत आला की त्याच्यामागून प्रेक्षकांची गॅलरी येते, पत्रकारांची खोली येते, महनीय व्यक्तींचं वेगळं दार येतं.

लीनाबाईंनी उलटा निर्णय घेतला. कोर्टांना अधिकृत स्पर्धांची उंची दिलीच नाही. खेळायला पुरेल इतकी किमान उंची ठेवली. हेतू त्यांनी लपवला नाही : इथे खेळ मौजेसाठी आहे, चढाओढीसाठी नाही. तलावसुद्धा पोहता न येणाऱ्यांचा आणि लहान मुलांचा विचार करून केलेला. त्यांना ‘सांस्कृतिक केंद्र’ हा शब्दही नको होता, कारण तो शब्द ऐकला की माणसं अवघडतात आणि संस्कृती हुकूम दिल्यासारखी होते. त्यांचा शब्द होता विरंगुळ्याचं केंद्र.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ बसलो. आपल्याकडच्या कुठल्याही क्रीडा संकुलाच्या बातमीत एक शब्द ठरलेला असतो : आंतरराष्ट्रीय दर्जा. तालुक्याला संकुल, जिल्ह्याला संकुल, विभागाला संकुल, आणि भूमिपूजनाच्या भाषणात सगळीकडे तोच दर्जा. त्या शब्दात वाईट काही नाही. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं, २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. राज्याला अशी जागा हवीच. ज्या मुलीला पुढे देशासाठी खेळायचंय तिला खरी मॅट, खरी उंची, खरे दिवे मिळालेच पाहिजेत. लीनाबाईंचा विचार सरसकट लावला तर त्या मुलीवर अन्याय होईल. ‘मौजेसाठी खेळा’ हे सांगणं सोपं असतं, विशेषतः ज्याच्यासाठी खेळ हा नोकरीचा किंवा घरातून बाहेर पडण्याचा रस्ता नाही त्याला. आपल्याकडे कबड्डी खेळणाऱ्या कितीतरी मुलींसाठी तो तसा रस्ता आहे. हा माझा लीनाबाईंशी खरा मतभेद आहे.

पण उपनगरातल्या सभागृहात काय होतं ते बघा. स्पर्धा वर्षातून दोनदा होते. त्या दोन दिवसांसाठी छप्पर उंच होतं, गॅलरी येते, स्टेज येतं, कारण बक्षीस समारंभ हवा. उरलेले तीनशेहून जास्त दिवस ती उंची आणि ते स्टेज काहीतरी करायला मागतात. आणि उंच छप्पर, मोठी जमीन आणि स्टेज यांचा सगळ्यात फायद्याचा उपयोग म्हणजे लग्न. म्हणजे ‘दर्जा’ मागितला खेळाच्या नावाने आणि वापरला गेला स्वागत समारंभाला. पोंपेयाच्या कोर्टात लग्न लावायला गेलं तर गैरसोयच होईल. तलावाच्या डोक्यावरचा मजला, पूल ओलांडून यायचं, स्टेज नाही, गाडी दारात येत नाही. ती इमारत खेळाशिवाय इतर फायदेशीर उपयोगांना हट्टाने अडचणीची आहे. हा हट्ट नियमावलीत लिहिलेला नाही, काँक्रीटमध्ये ओतलेला आहे. नियम कमिटीच्या एका बैठकीत बदलतो. काँक्रीट बदलत नाही.

माझ्या मते पोंपेयाचा सगळ्यात मोठा धडा हा आहे, आणि तो सौंदर्याचा नाही. बहुउद्देशीय इमारतीने कशासाठी ‘नाही’ म्हणायचं हे आधी ठरवावं लागतं. सगळ्याला ‘हो’ म्हणणारी इमारत शेवटी सगळ्यात श्रीमंत गिऱ्हाइकाची होते.

भोकं, वारा आणि शटल

जाड्या मनोऱ्याच्या त्या वेड्यावाकड्या भोकांबद्दल. ती खिडक्या आहेत, पण त्यांना काच नाही. आतून लाल लाकडी जाळ्या, सरकवता येणाऱ्या. लीनाबाईंना वातानुकूलनाचा तिटकारा होता. गुहेसारखी भोकं, आरपार वारा, बस. शहर आत येतं, आवाज बाहेर जातो, विजेचं बिल येत नाही. साओ पाउलो साडेसातशे मीटर उंचीवर आहे, हवा फार टोकाला जात नाही, तिथे हे चालतं.

आता बॅडमिंटन खेळणारा म्हणून सांगतो : या मजल्यांवर मला एक रॅली नीट खेळता येणार नाही. शटलचं वजन पाच ग्रॅमच्या आसपास असतं. पंखा लावला तरी ते भरकटतं, आरपार वाऱ्यात तर विषयच संपला. फुटबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉलच्या देशात ही अडचण जाणवलीही नसेल. म्हणजे ‘सर्वांसाठी’ असलेल्या इमारतीतही कुणीतरी गृहीत धरलेलं असतं आणि कुणीतरी सुटलेलं असतं. पोंपेया जसंच्या तसं उचलून आपल्याकडे आणा असं कुणी म्हणालं, तर मी पहिला विरोध करीन. भोकं, पूल, काँक्रीट हे सगळं तिथल्या ओढ्याचं, तिथल्या हवेचं, तिथल्या खेळांचं उत्तर आहे. उत्तर कॉपी करून चालत नाही. प्रश्न विचारायची पद्धत मात्र कॉपी करता येते.

आणखी एक गोष्ट इन्स्टाग्रामवर दिसत नाही. ही इमारत चाळीस वर्षं चालली ती फक्त लीनाबाईंमुळे नाही. सेस्कला व्यापार-सेवा क्षेत्रातल्या कंपन्यांच्या पगारखर्चाच्या दीड टक्का वर्गणीतून कायद्याने पैसा मिळतो. त्यामुळे तलावाचं पाणी स्वच्छ ठेवायला, दिवे बदलायला, प्रशिक्षकांना पगार द्यायला तिला लग्नांची बुकिंगं घ्यावी लागत नाहीत. आज ती वास्तू ब्राझीलच्या राष्ट्रीय वारशात मोडते, पण तिथे अजून रोज माणसं खेळतात. आमच्या सभागृहाच्या व्यवस्थापकाला हा हिशेब सांगितला तर तो हसेल आणि त्याचं हसणं बरोबर असेल. उत्पन्नाची सोय न करता खेळाची जागा बांधणं म्हणजे लग्नाच्या हॉलची अर्धवट राहिलेली इमारत बांधणं.

शनिवारची मोजणी

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं. सभागृहाच्या मागच्या मोकळ्या मैदानावर दोन महिन्यांपूर्वी फलक लागला : नियोजित बहुउद्देशीय क्रीडा संकुल. शेजारी संगणकावर काढलेलं चित्र. चकचकीत काच, चंदेरी छप्पर, समोर सूट घातलेली तीन परदेशी दिसणारी माणसं चालतायत. चित्रात कुणीही खेळत नाहीये.

गेल्या शनिवारी संध्याकाळी मी वही घेऊन त्या मैदानाच्या कठड्यावर बसलो. पाच ते सात. तीन क्रिकेटचे सामने एकमेकांत घुसलेले, तिन्हींचे फिल्डर आपापला चेंडू बरोबर ओळखत होते. एक आजी नातवाला सायकल शिकवत होत्या. सहा बायका गोल करून चालत होत्या आणि बोलत होत्या, बोलणं जास्त. लिंबाच्या झाडाखाली चार म्हातारे नुसते बसले होते. आणि कुंपणाजवळच्या मातीच्या पट्ट्यात, पायाने ओढलेल्या रेषांमध्ये, आमच्या सभागृहातल्या त्या मुली. लग्नाची तारीख होती, हॉल बंद होता. इथे माती आहे, त्यामुळे पकड करता येत होती. दोन तासांत मी १४१ माणसं मोजली.

फलकावर हरकती-सूचनांसाठी पत्ता दिलाय. मी पत्र लिहितोय. त्यात लीना बो बार्दींचं नाव नाही, काँक्रीटच्या मनोऱ्यांचा फोटोही नाही. फक्त ही यादी आहे, वेळेसकट, आणि खाली तीन ओळी : स्टेज नको. मुलींच्या मॅट कायमच्या अंथरलेल्या राहतील अशी एक वेगळी खोली हवी, उंची कमी चालेल. लिंबाचं झाड आणि त्याखालची जागा नकाशात दाखवा.

पत्र वाचलं जाईल का, माहीत नाही. मैदानावरून निघताना एका मुलीने विचारलं, “दादा, तुम्ही काय मोजताय?” मी म्हटलं, तुम्हालाच. ती म्हणाली, “मग आमची संख्या चुकली असेल. दोघी आज आल्या नाहीत, त्यांच्या घरचंच लग्न आहे.”

मी खोडून १४३ केलं.